चार गोळ्या, आठ दिवस

"पुरवून वापर गं बाई, दिवस अजून लांब आहे," असं म्हणत आई साबणाची वडी दोऱ्यानं कापायची. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी तो आवाज लेकीच्या पावलांत होता. पुरवून, पुरवून, करत ती हल्ली इस्पितळाच्या लाँड्रीतून पायीच घरी यायची. दिवसभर चादरींना इस्त्री करून दंड भरून आलेले असत, आणि बस शेजारून निघून जाई.

आज वाटेत ती औषधाच्या दुकानात शिरली. वाचलेल्या बसभाड्यातून तेल-मीठ वजा जाता सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या तीन गोळ्या बसल्या. दुकानदारानं पाकिटाला कात्री लावली.

दार उघडायला सासरे उठले आणि उठता उठता त्यांनी भिंतीला हात टेकला.

"चक्कर आली?"

"छे. भिंत पडतेय का बघत होतो."

तिनं त्यांना खाटेवर बसवलं. "एकोणीसलाच संपल्या ना गोळ्या? दहाच तर होत्या. बोलला का नाहीत, मामंजी?"

"कोण म्हणतं संपल्या?"

त्यांनी बटणांचा डबा पुढे ओढला. शिलाई मशीन विकलं तेव्हा तेवढा डबा मागे राहिला होता. बटणांवर कागदाची पुडी, पुडीत चार गोळ्या, आणि शेजारी एक ब्लेड.

"चाळीस वर्षं लोकांच्या उरल्यासुरल्या कापडातून पोरांचे सदरे काढले. एका गोळीतून दोन दिवस निघणार नाहीत होय? आज बावीस. चार गोळ्या, आठ दिवस. तीसला एक दिवस उपास, आणि एकला तुझा पगार. सगळं बेतलंय मी."

"डॉक्टरांनी अख्खी सांगितलीय."

"डॉक्टरांना तुझ्या पगाराची तारीख ठाऊक होती का?" ते स्वतःच्याच बोलण्यावर हसले. मग तिच्या मुठीतल्या तीन गोळ्या दिसल्या. "अरे वा, सूनबाई! आता तर चैनच. तीसचा उपासही टळला."

ती तशीच जमिनीवर बसली. चपलाही काढल्या नव्हत्या.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात इस्पितळाचा कारकून खिडकीतून म्हणाला होता, "नव्या माणसाचा पहिला पगार महिनाभर मागे राहतो, बाई. ही एक तारीख नाही, पुढची." तिनं मान डोलावली होती. त्या संध्याकाळी सासऱ्यांनी विचारलं, पगार एकला ना? समोर ताट होतं, घास त्यांच्या हातात होता. तिच्या तोंडून हो गेलं. मग रोजच ते विचारत गेले आणि रोजच ती हो म्हणत गेली. म्हाताऱ्यानं त्या 'हो'वरून माप घेतलं होतं.

सासऱ्यांनी एक गोळी लाकडी पट्टीवर ठेवली. एक डोळा मिटून ब्लेड टेकवलं. ज्या हातांनी कधी वेडीवाकडी शिवण घातली नव्हती, त्या हातांतलं ब्लेड घसरलं, गोळी गडगडली. त्यांनी ती उचलली, धोतराला पुसली आणि पुन्हा पट्टीच्या मधोमध ठेवली.

"उजेड कमी आहे," ते म्हणाले.

उजेड पुष्कळ होता. तिनं हात लांब करून गोळीवर तळवा ठेवला. ब्लेड तिच्या बोटांवर अधांतरी थांबलं.

"हात काढ पोरी. लागेल."

तिनं हात काढला नाही.

"एक तारखेला पगार नाही, मामंजी. पुढच्या एकला आहे. मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं."