अडलेला फर्मा

“थांबा! विळा काढा!”

जिन्यावरून आधी गुरुजींचा आवाज आला, मग चपलांचा, आणि मग गुरुजी. जुळाऱ्याचा, म्हणजे शिशाची अक्षरं जुळवणाऱ्याचा, हात छपाईयंत्राच्या दांड्यावर होता. तो त्याने मुकाट्याने खाली घेतला. फर्मा, म्हणजे पानाची अक्षरं आवळून बसवलेली चौकट, सैल केला, चिमटा शेजारच्या शब्दावर टेकवला आणि ‘विळा’ची अक्षरं एकेक करून उपसली. त्यांच्या जागी त्याने शिशाच्या अक्षरांचेच दोन खिळे उलटे, पाय वर करून बसवले. शब्द ठरायचा राहिला की छापखान्यात असंच करायचं. प्रुफात तिथे काळे चौकोन उमटतात. इथे अजून काम बाकी आहे, हे आंधळ्यालाही कळावं.

“मूळ ग्रीक शब्द आहे द्रेपानोन,” गुरुजी धापा टाकत म्हणाले. “तोच शब्द ख्रिस्ती शास्त्राच्या अखेरीस द्राक्षांचे घड तोडायलाही आलाय. आता विळ्याने कुणी घड तोडतं का? कोयता घालावा म्हणतो.”

“मागच्या साली कोयताच होता, गुरुजी. तुम्हीच काढलात.”

“तेव्हा मला पात्याच्या बाकाचा अंदाज नव्हता हो!”

गुरुजींनी या ख्रिस्ती धर्मशास्त्राचं नवं भाषांतर एकहाती केलं होतं. म्हाताऱ्या डोळ्यांना वाचता यावं म्हणून ते ठसठशीत मोठ्या टायपात निघायचं होतं. बाकी सगळं पुस्तक छापून गठ्ठे बांधून पडलं होतं. हा एकच फर्मा अडला होता. त्यात एका पेरणाऱ्याची चिमुकली गोष्ट होती. माणूस बी टाकतो, झोपतो, उठतो, आणि पीक आपलं आपण वाढतं. शेवटी कापणीचं अवजार येतं, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. सहा वर्षं.

या सहा वर्षांत गुरुजींनी तीन वस्तुसंग्रहालयांना पत्रं लिहिली. एका गंजक्या पात्याचा कागदावर उमटवलेला ठसा मागवला. लोहाराच्या भात्यासमोर कित्येक दुपारी काढल्या. पात्याला दाते होते की नव्हते, यावर चाळीस पानी टिपण झालं. स्वतः त्यांनी जन्मात गवताची काडी कापली नव्हती.

जुळाऱ्याला या काथ्याकुटाशी घेणंदेणं नव्हतं. तो अक्षरं बघायचा, वाक्य नाही. आणि अक्षरंही उलटी. त्याला घोर होता तो आईचा.

आई त्याची हट्टी. त्याला पाटीवर पहिलं अक्षर तिनेच गिरवायला दिलं होतं. आता तिच्या डोळ्यांवर सावट येत होतं, आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. ‘बाळ, मोठ्या टायपातलं ते पुस्तक मला माझ्या डोळ्यांनी वाचायचंय,’ एवढंच तिचं मागणं. तो रोज एकेक पान घरी न्यायचा. ती भिंग धरून, खिडकीशी बसून वाचायची. पण वाचायची ती ओळीने. अडलेल्या पानापाशी आली तशी थांबली.

“हे सोडून पुढचं वाच ना, आई.”

“भोक पडलेलं वाक्य ओलांडून कशी जाऊ? येईल की तुझ्या गुरुजींचा शब्द.” मग ती हसायची. “इतकी धार लावताहेत, की शेवटी पातंच उरायचं नाही बघ.”

पुढची पानं तिच्या उशाशी साचत गेली. आधी तिला दारातला माणूस ओळखू येईनासा झाला, मग ताटातला घास. एका सकाळी तिने भिंग पुसलं, डबीत ठेवलं आणि डबी त्याच्या हातात दिली.

त्यानंतर महिनाभराने गुरुजी जिना उतरले ते हळूहळू, एखादं लग्न पार पाडल्यासारखे.

“विळा,” ते म्हणाले. “आता शंकाच नाही. घड असो नाहीतर कणीस, अवजार तेच. विळा घाला.”

“अगदी पहिल्या खेपेलाही विळाच होता, गुरुजी.”

“होता. पण तेव्हा तो नुसता वाटत होता हो. आता सिद्ध झालाय.”

जुळाऱ्याने उलटे खिळे काढले. चिमटा नेहमीसारखा शेजारच्या शब्दावर टेकवला आणि ‘विळा’ जागच्या जागी बसवला. प्रुफ काढलं. काळे चौकोन गेले होते. ओला कागद तसाच हातात धरून तो घरी गेला.

“आई, आला गं शब्द. वाचून दाखवू?”

“वाच बाबा.” ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. सवयीने.

त्याने आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य सुलटं, सबंध वाचायला घेतलं. “पीक पिकलं की तो...” आणि तो अडखळला.

“आता काय झालं?”

“इथे एक शब्द पुसट आलाय. ‘विळा’च्या अलीकडचा. माझाच दोष, आई. दर खेपेला चिमटा मी त्याच्यावरच टेकवत आलो. सहा वर्षांत शिसं पार झिजलंय.”

“मग पुढचं वाच.”

“...विळा चालवतो, कारण कापणीची घटका आलेली असते.”

“आणि तो पुसट कुठला?”

त्याने डबीतून तिचं भिंग काढलं. कागद उजेडात धरला आणि बराच वेळ तो त्या झिजलेल्या अक्षरांकडे बघत राहिला.

“लगेच,” तो म्हणाला.