चढाचं गणित

टेबलावरची छोटी आगगाडी पुलाच्या चढावर घसरली, की नवऱ्याचा राग बायकोच्या पाठीवर निघायचा. शेवटी लेकीनेच कागद-पेन्सिल घेतली.

"बाबा, पुलाखालून गाडी जायला नऊ सेंटिमीटर उंची हवी. शंभराला दोनच्या वर चढ नको. म्हणजे साडेचार मीटर रूळ. टेबल या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत न्या, आणि रुंदी दुप्पट करा."

"पोरीचं डोकं माझ्यावर गेलंय!" म्हणत त्याने हौसेने फळ्या ठोकल्या. आईचं शिलाई मशीन टेबलापलीकडे, मागच्या दाराशी सरकलं.

रविवारी चहा गार लागला आणि त्याने कमरेचा पट्टा उपसला. पट्टा टेबलावरून सणसणत आला. बक्कल पुलाचा चुरा करून पलीकडे मशीनवर बसलेल्या तिच्या डोळ्यांपुढे चार बोटांवर थांबलं. दुसऱ्या वारालाही तेवढंच अंतर राहिलं. तेवढ्यात लेकीने मागच्या दाराची कडी काढून तिला बाहेर ओढलं.

रस्त्यावर धापा टाकत आईने विचारलं, "चढाला खरंच एवढं रुंद टेबल लागतं?"

"छे, निम्म्यात भागलं असतं," लेक म्हणाली. "मी बाबांचा हात मोजला, त्यात पट्टा मिळवला, आणि वर चार बोटं मोकळी सोडली."