नूरियाच्या हाताची रॅकेट

"खेळ कसा आहे ते सांगा, रॅकेट मी सांगतो," व्हॅलेन्सियातला दुकानदार विसेंत म्हणाला.

"डावखुरी आहे आमची नूरिया! डावखुऱ्यांपुढे भलेभले गांगरतात," तिचे वडील छाती फुगवून म्हणाले. "फक्त हात लवकर दुखतो हो तिचा."

विसेंतनं दहा वर्षांच्या नूरियाच्या डाव्या हातात एकेक करत पाच रॅकेट दिल्या. सगळ्यात हलकी रॅकेटसुद्धा तिला पेलवेना. शेवटी त्यानं हात टेकले.

"ही सहावी घरी ने आणि चार दिवस खेळून बघ, बाळा. नाही जमली तर परत आण. इथं नाव लिही."

नूरियानं झटकन उजव्या हातानं पेन उचललं. वडिलांनी नुसतं तिच्याकडे पाहिलं.



तिनं मुकाट्यानं पेन डाव्या हातात घेतलं.