शंकासुर

"योग्य त्या आज्ञेचा वापर करून नवी नोंद करावी," असं मदतीच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं. योग्य ती आज्ञा कोणती, हे पुढच्या कुठल्याच पानावर नव्हतं.

भाषांतरकार बाईंनी कपाळाला हात लावला आणि ते वाक्य खोडलं. संगणकावरच्या ज्या एडिटरमध्ये, म्हणजे लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये, त्या भाषांतरं करायच्या, त्यातच टिपणं ठेवायचं एक छोटंसं टूल होतं; ही पानं त्याचीच. बाईंनी वर्षानुवर्षं जमवलेले शब्द त्यात होते. पण ते वापरायचं कसं हे नव्या माणसाला कळतच नसे, म्हणून एडिटर सांभाळणाऱ्या मंडळींनी पुढच्या आवृत्तीतून ते काढून टाकायचं ठरवलं होतं. मदतीची पानं सुधारा, मग बघू, एवढी सवलत तेवढी दिली. मूळ पानं लिहिणारा गडी कधीच काम सोडून गेला होता. बाकीच्यांनी हात वर केले. मग बाईंनीच कंबर कसली.

पहिलं पान नव्यानं लिहून टाकलं, त्याच दिवशी एकाची मेल आली. आपलं अगदीच अडलंय, असं म्हणून त्यानं विचारलं होतं, की नोंद केली खरी, पण ती गेली कुठे? बाईंनी उत्तर दिलं. लगेच दुसरी शंका. दोन नोंदी जोडायच्या कशा? जोडलेल्या तोडायच्या कशा? आणि चुकून तोडल्या तर?

बाईंनी त्याचं नाव शंकासुर ठेवलं आणि त्याला तसं कळवूनही टाकलं. त्याला ते आवडलं. पुढच्या मेलखाली त्यानं तीच सही केली. आज शंकासुराचं काय अडलं, असं नवरा रोज जेवताना विचारू लागला.

बाई वरवर कुरकुरायच्या, पण मनातून खूश होत्या. शंकासुर जिथे अडखळे तिथे पान लंगडं आहे हे नेमकं कळायचं. त्या वाक्य बदलायच्या, तो पुन्हा करून बघायचा, आणि जमलं की लहान मुलासारखा आनंद कळवायचा. दोघांची खरी गट्टी जमली ती मात्र जुन्या पानांना नावं ठेवताना. बाई एखादं जुनं वाक्य पाठवायच्या आणि शंकासुर त्यावर तुटून पडायचा. "असं लिहिणाऱ्याला पुन्हा शाळेत बसवायला हवं," असं त्यानं एकदा लिहिलं, तेव्हा बाई खुर्चीत एकट्याच हसत सुटल्या.

टूल वाचलं. मंडळींनी ते ठेवलंच, वर बाईंची पानं इतरांना नमुना म्हणून दाखवली. एडिटर वापरणाऱ्यांच्या मेळाव्यात त्यांचं कौतुक व्हायचं ठरलं, तेव्हा त्यांनी शंकासुरालाही आग्रहानं बोलावून घेतलं.

टाळ्या वगैरे झाल्यावर चहाच्या टेबलाशी अंगानं आडवे, टक्कल पडलेले एक गृहस्थ आले आणि मीच तो शंकासुर, असं लाजत म्हणाले. बाईंनी त्यांना आपल्या हातानं चहा दिला.

"तुम्ही नसतात तर हे काही माझ्याच्यानं झालं नसतं," त्या म्हणाल्या. "आता एकच इच्छा राहिलीय. तो जुनी पानं लिहिणारा एकदा भेटायला हवा. समोर बसवून एकेक वाक्य मोठ्यानं वाचायला लावीन त्याला."

गृहस्थांनी कप खाली ठेवला, खुर्ची ओढली आणि ते बाईंच्या समोर बसले.

"आणा ती पानं," ते म्हणाले. "बरीच वर्षं हात लावला नव्हता हो. परत उघडलं, तर माझंच लिहिलेलं मला कळेना."