समोरचा स्टॉल

लेकीचा आवाज तिनं गर्दीतूनही बरोबर ओळखला. टेबलाखालच्या खोक्यातून कागदी बश्या काढायला वाकलेली ती तशीच वाकून राहिली.

लग्नखरेदीच्या प्रदर्शनात स्टॉल लावायचं तिच्या मनातही नव्हतं. कुणीतरी आयत्या वेळी माघार घेतली, सकाळीच आयोजकांचा फोन आला, आणि चाखायला दोन केक नि थर्माकोलवर आयसिंग चढवलेला तीन मजली नमुना गाडीत घालून ती धावत आली. घरी कुणाला सांगायलाही सवड झाली नाही. आता त्या नमुन्याआडून तिला समोरच्या स्टॉलपाशी दोन पाठी दिसत होत्या. एक लेकीची. दुसरी तिच्या स्वतःच्या धाकट्या बहिणीची.

"मावशी, हा खाऊन बघ. नुसता विरघळतो!"

"मग हाच घे की. किती घोळ घालशील?"

"पण आईला काय सांगू? दर रविवारी नवा केक करून माझ्यापुढे ठेवते गं. अकरा झाले."

"आणि तू अकराही खाल्लेस?"

"मग काय करू? 'अजून जरा ओलसर हवा' म्हणायचं नि आठवडा ढकलायचा. चवीला छानच असतो तिचा. पण दिसायला अगदीच घरगुती. फोटोत कसा दिसेल तो?"

"सासरच्यांनी परस्पर ठरवला म्हणून सांग. ताईला मी बघते. दोन दिवस तोंड फुगवेल, मग येईल ताळ्यावर."

दोघी खुसखुसल्या. लेकीनं कागदावर सही केली नि बोटाला लागलेली मलई मावशीच्या नाकाला पुसली.

त्या दिसेनाशा झाल्यावर ती उठली. गुडघे कडकड वाजले. बाराव्या केकसाठी कालच मनुका भिजत घातल्या होत्या, त्या आता टम्म फुगल्या असतील, एवढंच तिच्या डोक्यात आलं. एक जोडपं समोर उभं होतं. तिनं हसून त्यांच्यापुढे बशी धरली.

गर्दी जरा पांगली तसा समोरचा मिशीवाला केकवाला कागद घेऊन तिच्याकडे आला.

"ताई, तुम्ही या धंद्यातल्या जुन्या. एक विचारू का? आत्ताच मोठी ऑर्डर मिळाली. चार मजले. पण सगळे थर मऊसूत मलईचेच हवेत म्हणते पोरगी. मी एवढा उंच कधी केला नाही. उभा राहील ना?"

तिनं कागद हातात घेतला. मजल्यांची मापं, आधाराच्या चार नळ्या, खाली ती सही.

उभा राहणार नव्हता. खालचा थर तासाभरात खचला असता आणि सगळ्यांच्या देखत, फोटो काढता काढता, सगळा डोलारा एका बाजूला झुकला असता. 'राहील की,' एवढंच म्हणायचं होतं. तो खुशीत निघून गेला असता.

"काय हो ताई? राहील ना?"

तिनं त्या सहीवरून अंगठा फिरवला. मग कानामागची पेन्सिल काढली.

"नाही राहणार. खालचा थर घट्ट करा, वरून कळत नाही. आणि चार नळ्यांनी भागायचं नाही. सहा घाला."

"सहा? अहो, मग कापताना सुरी अडेल की!"

"अडू दे." तिनं कागदावर सहा ठिपके काढले. "ही मुलगी सुरी फिरवत नाही, नुसती दाबते. लहानपणापासून. हात धरायला दरवेळी मी असायचे."