एर्विनच्या पसंतीची काडतुसं

"गेल्या खेपेची काडतुसं हलकी होती, ती नाही का चालली?" बोहूसने विचारलं.

"अंगणात भिरकावली," रोझिना म्हणाली. "एर्विनने तळहातावर घेऊन जोखली आणि म्हणाला, ही पोरांची खेळणी कोणी आणली?"

तिने पिशवी फळीवर ठेवली आणि गुरांच्या खाद्याच्या पोत्यावर टेकली. पिशवीत कोलाच या गोड पावांसाठी मैदा, जर्दाळूचा मुरंबा, खसखशीची छोटी पुडी, आणि वर कॉफीची जुनी पत्र्याची डबी. दुकानात पुढे खाद्य आणि कुंपणाची तार विकायला असायची. मागच्या खोलीत बोहूस स्वतः काडतुसं भरायचा. त्या बाजूचे निम्मे शिकारी त्याच्याकडूनच भरून नेत.

बोहूसने डबी उघडली, आतल्या जुन्या काडतुसांत बोट फिरवलं आणि झाकण परत लावलं.

"त्याआधीची सगळी वापरली?"

"शेवटची काल."

"कुठे?"

"स्वयंपाकघराच्या दारात. नेहमीचंच."

"दिवेलागणीला?"

"दिवेलागणीलाच. दिवसा काही नसतं."

बोहूसने टोपी काढून डोकं खाजवलं. "शेरीफकडचा तो नवा पोरगा येऊन गेला म्हणे."

"आला होता. टोपी गुडघ्यावर ठेवून बसला, दोन कप कॉफी प्यायला. एर्विन त्याला तासभर आपल्या नोकरीतल्या गोष्टी सांगत होता. पोरगा म्हणाला, काकांसारखा माणूस घरात असल्यावर काळजी कसली."

"आणि लेक?"

"ह्यूस्टनला बसून सांगते, घर विका. रोज संध्याकाळी फोन करते आणि तेच सांगते."

"तू काय म्हणतेस?"

"मी म्हणते, काडतुसं दे."

बोहूस हसला नाही. "रोझी, रिव्हॉल्वर लपवून का नाही टाकत? एखाद्या दिवशी दुसरीकडून काडतुसं मिळवली तर कुणाचा तरी जीव जाईल."

"लपवलं होतं. तर कुऱ्हाड उशाशी घेऊन निजला. कुऱ्हाडीपेक्षा हे बरं."

बोहूसने नमुन्याची दोन काडतुसं काढून तिच्यापुढे ठेवली. "हे सपाट तोंडाचं. हाताला धक्का कमी. म्हाताऱ्या मनगटाला मी हेच देतो. आणि हे पोकळ टोकाचं. अंगात शिरलं की फुलतं, पलीकडे जात नाही. तुमच्या भिंती लाकडी, म्हणून लोक हेच घेतात."

रोझिनाने दोन्ही उचलून पाहिली. तिचे हात पिठात आणि कपडे धुण्यात झिजलेले होते, पण गेल्या काही महिन्यांत या वस्तूंची पारख तिला आली होती.

"पोकळ टोकाचं दे. वजन पुरेपूर हवं. बुड कोरं हवं, भिंगातून बघतो तो. तिथे ठोक्याची जराशी खूण दिसली की काडतूस बाद. आणि कानाशी हलवलं की आतली दारू खुळखुळली पाहिजे."

"मुलगी बघायला आला तेव्हा तरी इतकं पारखलं होतं का त्याने?"

"पारखलं असतं तर तुझ्या बहिणीशी केलं असतं लग्न."

"वाचला बिचारा," बोहूस म्हणाला. मग डबी आणि पिशवी दोन्ही उचलली. "आत ठेवतो, इथे मांजर तोंड घालतं. बस तू. भरून आणतो."

आतून दाबयंत्राचा खटक, खटक आवाज येत राहिला. रोझिनाने पोत्याला पाठ टेकली. घरी ती अशी डोळे मिटून बसत नसे. किती दिवसांत बसली नव्हती.

बोहूसने हलवून जागं केलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पिशवी आणि काडतुसांची जड पेटी त्याने स्वतः गाडीत नेऊन ठेवली. पैसे काढायला लागली तर म्हणाला, "कोलाच केलेस की दे दोन. तेवढं पुरे."

घरी एर्विन ओसरीवर वाट बघत होता.

"बोहूसकडची का?"

"त्याचीच."

त्याने पेटी मांडीवर घेतली. एकेक काडतूस तळहातावर जोखलं. भिंगातून बुडं पाहिली. मग एक कानाशी नेऊन हलवलं, डोळे मिटून ऐकलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर पूर्वीचा, गणवेशातला एर्विन आला.

"हां. आता येऊ दे कोण यायचं ते," तो म्हणाला. रिव्हॉल्वरची फिरकी उघडून त्याने सहाही घरं भरली.

रोझिना आत गेली. पीठ मळलं, फुगू दिलं, गोळे केले, बोटाने मधे खळगे पाडून भरण घातलं. तोवर एर्विन आत येऊन जेवणाच्या टेबलाशी बसला. रिव्हॉल्वर उजव्या हाताशी होतं. खिडकीबाहेर पेकनची झाडं काळी पडत चालली होती. तिने भट्टीतून ताट काढलं, दिवा लावला आणि गरम कोलाच घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली.

एर्विनने ताटाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हे जर्दाळूचे आहेत."

"हो. आज जर्दाळूचे."

"माझी रोझिना खसखशीचे करते," तो हळू म्हणाला. खुर्ची मागे सरकली. रिव्हॉल्वर वर आलं, त्याचा हात जराही हलला नाही. "बाई, तू आहेस कोण? रोज माझ्या घरात शिरतेस, आणि माझ्या बायकोचं काय केलंस?"

त्याने चाप ओढला. खटक. पुन्हा ओढला. खटक.

रोझिनाने पुढे होऊन ताट त्याच्यासमोर ठेवलं.

"खसखस काडतुसांत गेली सगळी," ती म्हणाली. "खाऊन घे, निवतायत."