शंभरपैकी शंभर

तिसऱ्या दिवशीही समाचाराला आलेली माणसं बाहेरच्या खोलीत बसली होती, आणि नोफल आत, बाबांच्या स्वयंपाकघरात, लॅपटॉप उघडून शेगडीशेजारच्या डबीकडे बघत होता.

डबी शादलीबाबांनी स्वतः जोडलेली. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला माणूस. सकाळी कॉफी चढवली की बटण दाबायचा, तिकडे ट्युनिसला नोफलचा फोन किणकिणायचा. इकडे स्फाक्सला म्हातारा उठला, एवढाच निरोप. पोचला तर डबीवर हिरवा दिवा, नाही तर लाल.

"सोमवारपासून फोन वाजला नाही, तरी तुला काहीच वाटलं नाही?" थोरल्या बहिणीने, रफीकाने विचारलं.

"वाटलं, रुसलेत. रविवारी म्हटलं, माझ्याकडे येऊन राहा, तर फोनच आपटला त्यांनी."

"रुसून कॉफी सोडणाऱ्यातले होते का ते?"

नोफलने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. डबीचा निरोप ज्याच्यातून त्याच्या फोनवर यायचा, तो आपला सर्व्हर त्याने रविवारी रात्री नियमात बसवला होता. एका सर्व्हरवर अनेक साइट नांदतात. तेव्हा प्रत्येक निरोपावर तो कोणत्या साइटसाठी ते नाव हवंच. नसेल तर दारातूनच परत. आधी तो असले बिननावाचे निरोप चालवून घेत असे. तपासणीत शंभरपैकी शंभर गुण पडले. गुणांचा फोटो त्याने मित्रांना पाठवलाही होता.

"सोमवारी एक, मंगळवारी एक, बुधवारी एक," रफीका पडद्यावरच्या परत गेलेल्या निरोपांच्या ओळींवर बोट फिरवत म्हणाली. "आणि गुरुवारच्या या एवढ्या?"

"छत्तीस. सकाळी सव्वासहा ते नऊ."

गुरुवारी संध्याकाळी शेजारणीला बाबा इथेच फरशीवर सापडले होते. डबी ओढून छातीशी घेतलेली.

प्रत्येक ओळीपुढे एकच शेरा होता: चारशे, सदोष विनंती.

रफीकाने तो दोनदा वाचला.

"दोष काय होता?"

"नाव घातलं नव्हतं."

"कुणाचं?"

"माझ्या साइटचं. म्हणजे माझंच."

"अरे, पण बाबा दुसऱ्या कुणाला पाठवणार होते?"

बाहेरून कुणीतरी कॉफीचं विचारलं. रफीकाने डोळे पुसले, भांडं शेगडीवर ठेवलं आणि बाबा दाबत तसं बटण दाबलं.

लाल दिवा लागला. लॅपटॉपवर आणखी एक ओळ उमटली.